पडद्यावरची बाहुली श्वास का घेते?

संगणकावरचा किंवा मोबाइलवरचा एखादा मोठा गेम उघडला, की लढाई लगेच सुरू होत नाही. आधी एक खोली दिसते. तिथे खेळाडूचे पात्र उभे असते आणि शेजारी शिरस्त्राणे, चिलखते, तलवारी, जोडे यांची यादी असते. एखाद्या वस्तूवर बोट ठेवले, की ती पात्राच्या अंगावर चढते. बोट सरकवले, की पात्र वळून पाठ दाखवते. कपड्यांच्या दुकानातल्या आरशासमोर आपण जे करतो, तेच इथे चालते. गेम बनवणाऱ्यांच्या भाषेत या खिडकीला ‘मॉडेल प्रीव्ह्यू’ म्हणतात.

या खोलीत तसे काहीच घडत नाही. तरीही पात्राकडे नीट पाहिले, तर त्याची छाती हलकेच वरखाली होताना दिसते. मध्येच ते पापण्या मिटते, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेते, मान किंचित वळवून बाजूला बघते. एखादे नवे चिलखत घातले, तर हात उचलून ते पाहिल्यासारखेही करते. हे सगळे आपल्या ध्यानात येत नाही आणि ते येऊ नये अशीच करणाऱ्याची इच्छा असते. पण ही हालचाल काढून टाकली, तर ते ध्यानात आल्याशिवाय राहत नाही. समोरचे पात्र क्षणात दुकानातल्या पुतळ्यासारखे दिसू लागते.

ही हालचाल काही ओळींच्या स्क्रिप्टने, म्हणजे संगणकाला दिलेल्या छोट्याशा आज्ञावलीने घडते. ती लिहिणाऱ्याला प्रोग्रामिंग तर यावे लागतेच; पण माणूस श्वास कसा घेतो, उभा कसा राहतो आणि पाहणाऱ्याचा मेंदू हे सगळे कसे ओळखतो, हेही ठाऊक असावे लागते. आणखी एक गोष्ट ठाऊक असावी लागते आणि तीच बहुतेक वेळा राहून जाते. पडद्यावरची हालचाल काही माणसांना खरोखर आजारी पाडू शकते.

कळसूत्री बाहुलीचा सांगाडा

पडद्यावरचे पात्र आतून पोकळ असते. हजारो छोट्या त्रिकोणांचे कवच, त्यावर रंग आणि पोत चढवलेला, एवढेच त्याचे शरीर. या कवचाच्या आत एक सांगाडा बसवलेला असतो. त्यातली ‘हाडे’ दिसत नाहीत. ती फक्त कोणता सांधा कुठे आहे आणि किती वळला आहे, एवढे सांगतात. प्रत्येक हाड वरच्या हाडाला जोडलेले असते. त्यामुळे खांदा वळला, की कोपर, मनगट आणि बोटे आपोआप त्याच्याबरोबर जातात. कवचावरच्या प्रत्येक बिंदूला कोणत्या हाडाचे किती ऐकायचे हे ठरवून दिलेले असते. कोपराजवळची त्वचा थोडी दंडाचे ऐकते, थोडी हाताचे. म्हणूनच हात वाकला, तरी कोपरापाशी कवच फाटत नाही.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चटकन समजेल. तिथे बाहुलीचे अवयव सुट्या दोऱ्यांनी हलतात आणि दोऱ्या कलाकाराच्या बोटांत असतात. इथे दोऱ्यांच्या जागी आकडे असतात.

हे आकडे प्रत्येक क्षणासाठी वेगळे लिहायचे म्हटले, तर आयुष्य पुरणार नाही. म्हणून चित्रकार फक्त मोक्याच्या स्थिती ठरवतो. हात खाली असताना पहिली, पूर्ण वर गेल्यावर दुसरी, पुन्हा खाली आल्यावर तिसरी. मधल्या सगळ्या स्थिती संगणक हिशेब करून भरतो. या मधल्या जागा भरताना वळणाचे कोन सरळसोट सरासरीने काढले, तर हात भलत्याच वाटेने फिरून येतो. त्यावरचा उपाय जुना आहे. आयरिश गणिती विल्यम हॅमिल्टन यांनी १८४३ मध्ये चार भागांची एक नवी संख्या मांडली, तिला क्वाटर्निअन म्हणतात. संगणकावरच्या हालचालींसाठी ती कशी वापरावी, हे केन शूमेक यांनी १९८५ मध्ये दाखवले. आज गेममधले पात्र मान वळवते, तेव्हा बहुधा याच संख्या त्यामागे असतात.

हालचाल म्हणजे शेवटी एकामागून एक येणारी स्थिर चित्रेच. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपणारा एक लघुपट केला होता. दिवसांमागून दिवस थांबून थांबून घेतलेली चित्रे सलग दाखवली, आणि रोप डोळ्यांदेखत वाढू लागले. गेममध्येही हेच होते. फरक एवढाच, की इथली चित्रे आधी काढून ठेवलेली नसतात. खेळाडू बघत असतानाच ती दर सेकंदाला तीस, साठ किंवा त्याहून जास्त वेळा नव्याने रेखली जातात.

६७ म्हणजे हात हलव, ६९ म्हणजे नाच

हे प्रत्यक्षात कसे चालते, ते पाहायला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हे चांगले उदाहरण आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या या गेमच्या पडद्यावरच्या खिडक्या आणि बटणे ‘लुआ’ या भाषेत चालवली जातात. ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरो इथल्या कॅथॉलिक विद्यापीठात १९९३ मध्ये ही भाषा तयार झाली. लुआ म्हणजे पोर्तुगीजमध्ये चंद्र. गेमच्या कंपनीने खेळाडूंनाही याच भाषेत स्वतःच्या खिडक्या जोडायची मुभा दिली. त्यामुळे पात्राचे छोटे रूप एखाद्या चौकटीत उभे करून त्याच्याकडून हालचाली करवून घेणे हा हौशी प्रोग्रामरांचा आवडता उद्योग झाला.

या गेममध्ये प्रत्येक हालचालीला क्रमांक आहे. ० म्हणजे उभे राहणे, ४ म्हणजे चालणे, ५ म्हणजे धावणे. ६६ ला पात्र वाकून नमस्कार करते, ६७ ला हात हलवते आणि ६९ ला नाचू लागते. स्क्रिप्टमध्ये पात्र कोणाचे, ते कोणत्या बाजूला तोंड करून उभे आणि हालचाल कितवी, एवढे सांगितले की खिडकीतली बाहुली कामाला लागते.

पूर्वी एवढ्याने भागत नसे. सुरुवातीच्या वर्षांत ‘नाच’ असे एकदा सांगून मोकळे होता येत नव्हते. नाचातला नेमका कोणता क्षण दाखवायचा, तोही मिलिसेकंदांत मोजून, प्रत्येक चित्रागणिक सांगावा लागे. आता ० मिलिसेकंद, आता १६, आता ३३ असे. सांगायचे थांबले, की बाहुली जिथल्या तिथे गोठे. कळसूत्री बाहुलीची दोरी हातातून सुटल्यासारखेच हे. या कटकटीचा एक फायदा मात्र झाला. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना काळाचा हिशेब शिकावा लागला.

सेकंदाला किती चित्रे?

नवशिक्याच्या हातून इथेच एक हमखास चूक होते. पात्र स्वतःभोवती सावकाश फिरावे, म्हणून तो लिहितो: प्रत्येक चित्राला एक अंश वळ. त्याच्या संगणकावर सेकंदाला तीस चित्रे उमटतात. ३६० अंशांची फेरी १२ सेकंदांत पुरी होते, आणि ती छान दिसते. तीच स्क्रिप्ट सेकंदाला साठ चित्रे काढणाऱ्या संगणकावर गेली, की फेरी ६ सेकंदांत होते. १४४ चित्रे काढणाऱ्या महागड्या पडद्यावर तर अडीच सेकंदांत. सावकाश फिरणारी बाहुली तिथे भोवऱ्यासारखी गरगरते.

उपाय साधा आहे. चित्रे मोजायची नाहीत, वेळ मोजायचा. मागच्या चित्रापासून किती वेळ गेला, हे गेम प्रत्येक वेळी स्क्रिप्टला कळवतो. त्या वेळेला ‘सेकंदाला ३० अंश’ या वेगाने गुणले, की कोणत्याही यंत्रावर फेरी १२ सेकंदांचीच राहते. संगणक जुना असेल, तर हालचाल थोडी धक्के खात होईल. पण तिचा वेग बदलणार नाही.

आणखी एक काळजी घ्यावी लागते. खेळाडू मधेच दुसऱ्या कामाला गेला आणि दहा सेकंदांनी परतला, तर ‘गेलेला वेळ’ एकदम दहा सेकंद भरतो. बाहुली एका झटक्यात ३०० अंश वळते. म्हणून जाणता लेखक या आकड्याला मर्यादा घालतो. कितीही वेळ गेला असला, तरी एका चित्रात दहाव्या भागाच्या सेकंदाहून जास्त पुढे जायचे नाही.

हा हिशेब निव्वळ नेटकेपणासाठी नाही. पडद्यावरचा वेग आणि अचानक बसणारे झटके यांचा पाहणाऱ्याच्या शरीराशी संबंध आहे. तो समजण्यासाठी आधी डोळ्यांकडे आणि मेंदूकडे वळावे लागेल.

बारा दिवे आणि एक माणूस

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये एक गाजलेला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी माणसांच्या खांदे, कोपरे, मनगटे, कंबर, गुडघे, घोटे अशा सांध्यांवर डझनभर ठिपके चमकतील अशी व्यवस्था केली आणि फक्त तेवढे ठिपके दिसतील असे चित्रण केले. माणूस स्थिर असताना पाहणाऱ्यांना अंधारात विखुरलेले ठिपके दिसले. तो चालू लागताच मात्र ‘कोणीतरी चालतंय’ हे त्यांनी लगेच ओळखले. पुढच्या प्रयोगांत दिसले, की त्यासाठी सेकंदाचा पाचवा भागही पुरतो. चेहरा नाही, कपडे नाहीत, शरीराची बाह्यरेषाही नाही. केवळ ठिपक्यांच्या हालचालीतून मेंदू माणूस उभा करतो.

ही क्षमता शिकवून येत नाही, असे दिसते. इटलीतल्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन दिवसांच्या तान्ह्या बाळांना असेच ठिपके दाखवले. त्यांतले काही चालत्या कोंबडीच्या हालचालीचे होते, काही कसेही हलणारे. बाळे सजीवासारख्या हलणाऱ्या ठिपक्यांकडे जास्त वेळ पाहत राहिली. जिवंत काय आणि निर्जीव काय, हे हालचालीवरून ओळखण्याची तयारी घेऊनच आपण जन्माला येतो. आपल्या पूर्वजांना गवतामागचा वाघ वेळेत दिसण्यासाठी ती उपयोगी पडली असणार.

गेममधली बाहुली याच क्षमतेवर जगते. आणि तिची परीक्षाही हीच क्षमता घेते. पात्राच्या कातडीवरचा प्रत्येक केस हुबेहूब काढला, पण हालचाल चुकली, तर मेंदू ते खपवून घेत नाही. जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच हे मांडले होते. कृत्रिम आकृती माणसासारखी होत जाते तशी ती आपल्याला आवडू लागते. पण जवळपास माणसासारखी, तरीही कुठेतरी खटकणारी झाली, की एकदम नकोशी वाटते. हलणाऱ्या आकृतीच्या बाबतीत हा नकोसेपणा जास्त तीव्र असतो, असेही त्यांचे म्हणणे होते.

स्थिर उभ्या पात्राची अडचण जॉन लॅसेटर यांनी १९८७ मध्ये सांगितली. हाताने काढलेल्या कार्टूनमध्ये पात्र क्षणभर स्तब्ध राहिले, तरी प्रेक्षकाला चालते. संगणकावर घडवलेले त्रिमित पात्र मात्र पूर्ण थांबले, की तिथल्या तिथे मेल्यासारखे वाटते. म्हणून थांबलेल्या पात्रालाही अगदी थोडे हलते ठेवा, असा त्यांचा सल्ला होता. मॉडेल प्रीव्ह्यूमधली बाहुली श्वास घेते, त्यामागे हेच कारण आहे.

श्वासाचे गणित

आता प्रश्न असा, की तिने श्वास कसा घ्यावा? विश्रांती घेणारा प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. मिनिटाला १५ धरले, तर एका श्वासाला चार सेकंद मिळतात. नवशिका स्क्रिप्टमध्ये छाती दोन सेकंद वर आणि दोन सेकंद खाली नेतो. मग बाहुली श्वास घेत नाही, तर पंपाने हवा भरल्यासारखी फुगते आणि बसते. शांत माणसाचा श्वास असा समसमान नसतो. हवा आत घ्यायला कमी वेळ लागतो, सोडायला जास्त, आणि सोडल्यावर पुढच्या श्वासाआधी एक छोटासा विसावा असतो. चार सेकंदांची वाटणी दीड, दोन आणि अर्धा अशी केली, की तीच छाती जिवंत वाटू लागते. दमलेल्या किंवा घाबरलेल्या पात्रासाठी हे आकडे बदलतात. श्वास जलद होतो आणि खांदेही त्याच्याबरोबर उचलले जातात.

पापण्यांचेही तसेच. माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. पण घड्याळ लावून नाही. दर चार सेकंदांनी नेमकी मिटणारी पापणी थोड्याच वेळात खुपू लागते. म्हणून स्क्रिप्ट दर वेळी दोन ते सहा सेकंदांमधला एखादा आकडा काढते आणि तेवढा वेळ थांबते.

एकच हालचाल पुन्हा पुन्हा आली, की मेंदू ती पाठ करतो. त्यावर शाळेतल्या लसाविची मदत होते. श्वासाचे चक्र चार सेकंदांचे आणि डोलण्याचे सात सेकंदांचे ठेवले, तर दोन्ही एकत्र सुरुवातीच्या स्थितीत यायला २८ सेकंद लागतात. त्यात नऊ सेकंदांचे तिसरे चक्र मिसळले, तर २५२ सेकंद, म्हणजे चार मिनिटांहून जास्त. छोट्या तीन हालचाली, पण त्यांची पुनरावृत्ती लक्षात येण्याआधीच खेळाडू खोलीतून निघून गेलेला असतो.

याहून पुढची वाट केन पर्लिन यांनी दाखवली. १९८० च्या दशकात त्यांनी एक प्रकारची ‘गुळगुळीत यदृच्छा’ शोधली. ती पुढे काय करेल सांगता येत नाही. पण झटकेही देत नाही. ढग, संगमरवर, लाकूड यांचे पोत संगणकावर काढण्यासाठी ती वापरली गेली आणि १९९७ मध्ये त्यासाठी त्यांना ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. पुढे पर्लिन यांनी तीच यदृच्छा पात्रांच्या सांध्यांना लावली. उभा माणूस कधीच पूर्ण स्थिर नसतो. तोल सावरण्यासाठी घोट्याचे आणि कंबरेचे स्नायू सतत बारीक दुरुस्त्या करत असतात. नेमकी तीच अस्वस्थता पर्लिन यांच्या आकड्यांतून पात्रात आली.

शेवटी राहतो तो एका हालचालीतून दुसरीत जाण्याचा क्षण. उभी बाहुली हात हलवू लागली आणि तिचा हात मांडीपासून थेट डोक्याशी उगवला, तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. म्हणून सेकंदाच्या पाचव्या भागात पहिली हालचाल विरत जाते आणि दुसरी चढत जाते. एका गाण्यातून दुसऱ्यात हळूच शिरणाऱ्या रेडिओसारखे हे काम चालते.

ज्यांना हालचाल सोसत नाही

इथवरचे सगळे कसब पात्र जिवंत वाटावे यासाठी. पण पडद्यासमोर बसलेला माणूसही जिवंत आहे आणि प्रत्येकाचे शरीर सारखे नाही.

स्टेशनात थांबलेल्या लोकलमध्ये बसलेले असताना शेजारच्या रुळावरची गाडी सुटते आणि क्षणभर आपलीच गाडी मागे जात असल्यासारखे वाटते. डोळे सांगतात ‘आपण हलतोय’, अंतःकर्णातली तोलाची यंत्रणा सांगते ‘नाही’. हा गोंधळ बहुतेकांच्या बाबतीत क्षणात मिटतो. पण तो लांबला, तर घाम, मळमळ, डोकेदुखी आणि चक्कर सुरू होते. अर्धशिशी असलेल्यांना आणि अंतःकर्णाच्या विकारातून गेलेल्यांना तो जास्त जाणवतो. २०१३ मध्ये ॲपलने आयफोनच्या पडद्यावर खोलीचा भास देणाऱ्या आणि झेपावत उघडणाऱ्या खिडक्या आणल्या, तेव्हा अनेकांनी मळमळ होत असल्याच्या तक्रारी केल्या. त्याच वर्षी कंपनीने हालचाल कमी करण्याची सोय वाढवली.

मॉडेल प्रीव्ह्यू लिहिणाऱ्यासाठी यात एक नेमका धडा आहे. पात्राची पाठ दाखवायची, तर दोन वाटा आहेत. एक, पात्राला फिरवायचे. दुसरी, पात्र तसेच ठेवून त्याच्याभोवती कॅमेरा फिरवायचा. दोन्हींत पात्र सारखेच दिसते. पण कॅमेरा फिरला, की मागची भिंत, खांब, जमीन असे सगळे दृश्य डोळ्यांसमोरून सरकते. स्टेशनातली गाडी हीच. पात्र फिरवले, तर मागचे दृश्य जागेवर राहते आणि डोळ्यांना आधार मिळतो. स्क्रिप्टमध्ये हा फरक अगदी थोडक्या शब्दांचा असतो. एखाद्या खेळाडूसाठी मात्र तो संध्याकाळभराच्या डोकेदुखीचा असतो.

दुसरा धोका लखलखाटाचा. नवी तलवार हाती आली, की ती चमकते, तिच्यातून ठिणग्या उडतात, मागे प्रकाश पेटतो-विझतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेचा एक भाग प्रसारित झाला. त्यात लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे बारा वेळा आलटूनपालटून काही सेकंद चमकले. त्या संध्याकाळी सुमारे ६८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांत बहुसंख्य मुले होती. काहींना आकडी आली, काहींना मळमळ आणि चक्कर. अनेकांना त्याआधी कधीही आकडी आली नव्हती. मालिका चार महिने बंद राहिली.

अपस्मार असलेल्या शंभरांपैकी सुमारे तिघांना अशा लखलखत्या प्रकाशाने आकडी येऊ शकते, आणि हे प्रमाण मुलांत व तरुणांत जास्त आढळते. गेमसमोर सर्वाधिक वेळ बसणारा वर्गही तोच. म्हणूनच वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी २००८ मध्ये एक सीमा आखली: कोणतीही गोष्ट एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखू नये. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून जास्त चालणारी हालचाल थांबवता यावी, हेही त्यांत आहे. २०१८ मधल्या सुधारित आवृत्तीत आणखी एक अपेक्षा नोंदवली गेली. बटण दाबल्यावर होणारी हालचाल अत्यावश्यक नसेल, तर ती वापरणाऱ्याला बंद करता यावी. ही तत्त्वे संकेतस्थळांसाठी आहेत, गेमना ती बंधनकारक नाहीत. पण माणसाचा मेंदू संकेतस्थळ आणि गेम असा भेद करत नाही.

थांबण्याची सोय

चांगल्या स्क्रिप्टमध्ये त्यामुळे सुरू करण्याइतकाच थांबवण्याचाही विचार असतो. सुरुवातीलाच ती विचारते, की या माणसाने ‘कमी हालचाल’ निवडली आहे का? निवडली असेल, तर पात्र आपोआप फिरत नाही, कॅमेरा झेपावत नाही, मागचा प्रकाश लखलखत नाही. श्वास आणि पापण्या तेवढ्या राहतात, त्याही हव्या असतील तरच. पात्राची पाठ बघायची, तर खेळाडू स्वतःच्या बोटाने ते फिरवतो. आपण स्वतः घडवलेली हालचाल सहसा कमी त्रास देते, कारण मेंदूला तिची आधीच कल्पना असते. गाडी चालवणाऱ्यापेक्षा शेजारी बसलेल्याला गाडी जास्त लागते, ते याचमुळे.

खिडकी बंद झाल्यावर हालचालही थांबायला हवी. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये लपलेल्या चौकटीची प्रत्येक चित्राला चालणारी स्क्रिप्ट आपोआप थांबते. सगळीकडे तशी सोय असतेच असे नाही. कोणी पाहत नसताना नाचणारी बाहुली मोबाइलची बॅटरी खाते आणि तो तापवते.

घरातल्या मोठ्यांनाही यातले थोडे ठाऊक असलेले बरे. मूल गेम खेळताना डोके दुखते, गरगरते किंवा मळमळते म्हणाले, तर त्याला खोटे न पाडता आधी गेमच्या आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये हालचाल आणि लखलखाट कमी करण्याची सोय शोधावी. खोलीत दिवा चालू ठेवावा आणि पडद्यापासून अंतर राखावे. लखलखणारे दृश्य अचानक समोर आलेच आणि अस्वस्थ वाटू लागले, तर नुसते डोळे मिटणे पुरत नाही, कारण प्रकाश पापण्यांतूनही आत येतो. तळहाताने एक डोळा पूर्ण झाकून मान पडद्यापासून वळवावी. एकदा जरी आकडी आली किंवा मूल काही क्षण भान हरपल्यासारखे झाले, तर गेम बंद करून डॉक्टरांना दाखवावे. अपस्माराची औषधे चालू असतील, तर कोणते गेम चालतील, हेही त्यांनाच विचारावे.

गेममधल्या त्या खोलीत पात्र अजून उभे असते. त्याने किती जिवंत दिसावे, हे ठरवण्याची साधने आता शाळकरी मुलांच्याही हाती आली आहेत. दर चार सेकंदांनी हलकेच वर येणारी छाती, मधूनच मिटणारी पापणी, एका पायावरून दुसऱ्या पायावर गेलेला भार, एवढ्यावर मेंदू समाधानी असतो. त्याला माणूस दिसायला अंधारातले बारा ठिपके पुरले होते. त्यापुढची गरगर आणि लखलखाट बाहुलीला अधिक जिवंत करत नाही. तिची किंमत मात्र पडद्यासमोर बसलेल्या माणसाला मोजावी लागते.